कॅश लाइन ६४ची की १२८ची, हे कार्डाला कुणी सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पीसीआय एक्सप्रेसवर बसणारं, बाहेरून येणारा डेटा पकडून मेमरीत टाकणारं एक कार्ड आहे आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर तुम्ही लिहिताय. मशीनच्या प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसरजवळची वेगवान कॅश यांच्यात एका वेळी जा-ये करणारा तुकडा, किती बाइटची आहे, हे कार्डाला सांगण्यासाठी त्यात एक रजिस्टर आहे : ६४, १२८ किंवा २५६. तुम्ही तिथे सरळ ६४ लिहिलंत. कोड तपासणाऱ्यांपैकी एक म्हणाला, एल१_कॅश_बाइट्स वापरा. दुसरा म्हणाला, कॅश_लाइन_साइझ() वापरा. तिसऱ्याचं म्हणणं, हा आकडा पीसीआयच्या कॉन्फिगरेशनमध्ये आधीच असतो, तिथूनच वाचा. आणि तुमचा सवाल असा की सगळ्या वाटा शेवटी ६४वरच येत असतील, तर एवढा काथ्याकूट कशाला?

उत्तर आधी सांगून टाकतो. कार्डाच्या रजिस्टरसाठी दुसऱ्याचं बरोबर आहे : मशीन चालू असताना, प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो त्यात), कॅश_लाइन_साइझ()ला विचारा. एल१_कॅश_बाइट्स हे कार्डाला सांगायचं नाही. पीसीआय कॉन्फिगरेशनमधला आकडा तुमच्या कार्डाच्या बाबतीत निव्वळ शोभेचा आहे. आणि बफर, म्हणजे कार्ड डेटा टाकतं तो मेमरीतला तुकडा, कुठून सुरू व्हावा, कुठे संपावा, यासाठी आणखी चौथाच आकडा लागतो, ज्याचं नाव तुमच्या तिघांपैकी कुणीच घेतलेलं नाही. खरी ठेच लागते ती तिथेच. मला लागली होती, म्हणून जरा लांबण लावतो.

मी सोलापूरचा. सुरुवातीची काही वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांसाठी छोटे बोर्ड बनवण्यात गेली. मागाच्या शाफ्टवर सेन्सर, त्याचे ठोके मोजणारी एक चिप, आणि ती चिप एसपीआयवरून वाचणारा एआरएमचा बोर्ड. पाळी संपली की कुठल्या मागावर किती पिक (आडव्या धाग्याचे फेरे) पडले ते पडद्यावर दिसायचं. मजुरीचा हिशेब त्यावर, त्यामुळे आकडा चुकला तर भांडण ठरलेलं.

पहिला बोर्ड कॉर्टेक्स-ए९चा होता. त्याची कॅश लाइन ३२ बाइटची. मी ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये ३२ बाइटचा एक बफर ठेवला होता, त्यात चिपचं वाचन डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत, यायचं. बफर ३२च्या पटीत बसवला होता, आणि त्याला लागूनच टायमर दर ठोक्याला वाढवत नेईल असा एक साधा आकडा होता, बोर्ड जिवंत आहे की नाही ते कळायला. दोन वर्षं सगळं सुरळीत. मग जुना बोर्ड मिळेनासा झाला आणि आम्ही कॉर्टेक्स-ए५३च्या बोर्डावर गेलो. ड्रायव्हर जसाच्या तसा बांधला गेला, चालला, आम्ही पेढे खाल्ले.

साधारण महिन्याने कारखान्यातल्या जॉबरचा, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याचा, फोन. "साहेब, माग बंद हाय, अन् पिक पडाय लागलेत." आधी मी अर्थिंगवर संशय घेतला. सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये काहीही बिघडलं की उष्णता आणि अर्थिंग हे दोन आरोपी कायम हजर असतात. केबल बदलली, फेराइट लावलं, पॅनेलला पंखा बसवला. फरक शून्य.

घडत होतं ते असं. ए५३ची कॅश लाइन ६४ बाइटची. म्हणजे माझा ३२ बाइटचा बफर आणि त्याच्या शेजारचा टायमरचा आकडा आता एकाच लाइनीत आले होते. याला चाटी गल्लीतल्या जुन्या पेढीच्या खातेवहीची उपमा चपखल बसते. दिवाणजीला एक ओळ बदलायची असली तरी तो अख्खं पान नकलून आपल्या डेस्कवर नेतो, तिथे ओळ बदलतो आणि नंतर अख्खं पान वहीत परत लावतो. दरम्यान दुसऱ्या कुणी वहीतल्या त्याच पानावर, दुसऱ्या ओळीत, काही लिहिलं असेल तर ते पुसलं जातं. दिवाणजी म्हणजे प्रोसेसर, डेस्क म्हणजे कॅश, आणि परस्पर वहीत लिहिणारा तो दुसरा म्हणजे डीएमए.

वाचन चालू असताना नेमका त्याच क्षणी टायमर आला, तर प्रोसेसर ती लाइन कॅशमध्ये ओढायचा, आपला आकडा वाढवायचा आणि लाइन मळलेली (बदललेली, पण मेमरीत परत न गेलेली) राहायची. त्या लाइनीत बफरचा भागही होता, पण जुन्या वाचनाचा. तिकडे डीएमए मेमरीत नवं वाचन टाकायचा. मग डीएमए संपल्यावर कर्नल बफरच्या लाइनी कॅशमधून काढायला जायचा. एआरएम६४मध्ये, म्हणजे ६४ बिटच्या एआरएमवर, बफर लाइनीच्या मध्येच संपत असेल, तर कडेची लाइन नुसती टाकून देत नाहीत, आधी मेमरीत परत लिहितात आणि मग काढतात, कारण त्या लाइनीत दुसऱ्या कुणाचा डेटा असू शकतो. हा सभ्यपणाच इथे नडला : माझा मळलेला जुना तुकडा नव्या वाचनावर जाऊन बसला.

आणि हे महिनाभर लपलं कसं? ती चिप वाचली की शून्यावर येणारी होती, त्यामुळे प्रत्येक वाचन म्हणजे मागच्या वाचनानंतर पडलेले पिक. माग एका वेगाने चालत असतो तेव्हा मागचं वाचन आणि आताचं वाचन जवळजवळ सारखंच. जुनं वाचन पुन्हा मोजलं गेलं तरी बेरीज फारशी हलत नाही. सूत तुटून माग थांबला आणि नेमका तेव्हाच हा योग जुळला, तर खरं वाचन शून्य आणि मोजलेलं मात्र आधीचं. म्हणून "माग बंद, पिक चालू". जॉबरने दिलेलं वर्णन तंतोतंत होतं. अर्थिंगच्या मागे लागलो तो मी.

या सगळ्यात दोष ६४चा नव्हता, ३२चा होता. मी मशीनला न विचारता एक आकडा कोडमध्ये कोरला होता. तुम्ही आज ६४ कोरताय. उद्या तुमचं कार्ड १२८ बाइटच्या लाइनीच्या मशीनमध्ये बसलं की तुमचीही पाळी येईल, आणि तशी मशीन दुर्मीळ नाहीत : आयबीएमचे पॉवर प्रोसेसर १२८चे, अॅपलचा एम१ १२८चा, कॅव्हियमचा थंडरएक्स १२८चा, आयबीएमच्या झेड मेनफ्रेम तर २५६च्या.

आता तुमच्या पहिल्या सहकाऱ्याच्या सल्ल्याकडे येऊ. एल१_कॅश_बाइट्स हा कर्नल बांधताना ठरणारा आकडा आहे. तो समोरच्या मशीनबद्दल काही सांगत नाही, बांधणाऱ्याने काय गृहीत धरलं तेवढं सांगतो. एआरएम६४ची कथाच पाहा. सुरुवातीला तो ६४ होता. २०१५मध्ये थंडरएक्ससारख्या मशीनसाठी तो १२८ केला गेला. २०१८मध्ये परत ६४ झाला, कारण बहुतेक मशीन ६४च्या आणि १२८मुळे त्यांच्यावर मेमरी विनाकारण वाया जात होती. म्हणजे मधल्या काळात ज्या ड्रायव्हरने हा आकडा कार्डाला सांगितला, त्याने ६४च्या मशीनवर १२८ सांगितलं. आणि नंतर तोच ड्रायव्हर, एक अक्षर न बदलता, १२८च्या मशीनवर ६४ सांगू लागला. प्रोसेसर तोच, कार्ड तेच, फक्त कर्नलची आवृत्ती बदलली आणि कार्डाचं वागणं बदललं. असा बिघाड शोधायला बसलात तर केस पांढरे होतील.

या आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. स्ट्रक्चरमधले दोन भाग दोन वेगळे प्रोसेसर सतत लिहीत असतील, तर ते एकाच लाइनीत येऊ नयेत म्हणून मांडणी करायची, ती कंपाइल होतानाच ठरते, तिथे स्थिर आकडाच लागतो. तिथे तो चुकला तर वेग कमी होतो, बिघाड होत नाही. त्यासाठी जरूर वापरा.

कॅश_लाइन_साइझ() मात्र चालू मशीनला विचारतं. एक्स८६वर (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) हा आकडा बूट होताना सीपीयूआयडीच्या, म्हणजे प्रोसेसर स्वतःबद्दल देतो त्या, माहितीवरून ठरतो. जुन्या पेंटियम ४वर फ्लश होणारी लाइन ६४ची असूनही कर्नल मांडणीसाठी १२८ धरतो, कारण तिथे लाइनी जोडीने ओढल्या जातात. एआरएम६४वर सीटीआर_ईएल० नावाच्या रजिस्टरमध्ये सीडब्ल्यूजी नावाचा भाग आहे, कॅशमधून मेमरीत परत लिहिताना जास्तीत जास्त केवढा तुकडा जाऊ शकतो ते सांगणारा. तो भाग शून्य असेल तर कर्नल सावधपणे १२८ धरतो. आणि फर्मवेअरने एसीपीआय किंवा डिव्हाइस ट्री या हार्डवेअरच्या वर्णनातून कॅशची माहिती दिली असेल तर त्यातली सगळ्यात मोठी लाइन घेतली जाते. हे उगाच नाही : ह्वावेच्या कुनपेंग ९२०मध्ये पहिल्या पातळीच्या कॅशची, म्हणजे एल१ची, लाइन ६४ची आणि तिसऱ्या पातळीची, एल३ची, १२८ची आहे. नुसतं एल१कडे पाहून बसलात तर तिथे फसाल. तुमचं कार्ड मेमरीकडे लिहितं, प्रोसेसरच्या पोटातल्या पहिल्या कॅशकडे नाही, त्यामुळे "सगळ्यात मोठी कुठली" हाच तुमच्या कामाचा प्रश्न आहे. काही आर्किटेक्चरवर या फंक्शनची स्वतःची व्याख्या नाही, तिथे ते गुपचूप एल१_कॅश_बाइट्सच परत देतं. त्याला तुमचा इलाज नाही, आणि निदान चूक तुमच्या ड्रायव्हरमध्ये तरी राहत नाही.

(एकाच चिपमधल्या दोन प्रकारच्या कोरांची लाइन वेगळी असू शकते का? असू शकते. सॅमसंगच्या एक्झिनॉस ८८९०मध्ये मोठ्या कोरांची १२८ आणि छोट्या ए५३ कोरांची ६४ होती. ज्या प्रोग्रॅमनी एका कोरावर आकडा वाचून जपून ठेवला आणि दुसऱ्या कोरावर त्याच पावलाने इन्स्ट्रक्शन कॅश साफ केली, त्यांच्या काही लाइनी साफच झाल्या नाहीत आणि ते अधूनमधून कोसळायचे. कर्नल आता अशा मशीनवर सगळ्यांना चालेल असा एकच आकडा दाखवतो. तुम्हाला त्याची फिकीर नको, पण "एकदा वाचलं, बास" म्हणणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवायला बरी आहे.)

तिसऱ्याचा सल्ला. पीसीआयच्या कॉन्फिगरेशनमध्ये सुरुवातीपासून १२व्या बाइटला कॅश लाइनचं एक बाइटचं रजिस्टर आहे, हे खरं. जुन्या समांतर पीसीआयवर त्याला मान होता. मेमरी राइट अँड इन्व्हॅलिडेट नावाचा एक व्यवहार होता : कार्ड म्हणायचं, मी पूर्ण लाइनच लिहिणार आहे, तेव्हा प्रोसेसरने आपल्याकडची मळलेली प्रत परत लिहायच्या फंदात न पडता फेकून द्यावी. लाइन किती मोठी हे कार्डाला ठाऊक असल्याशिवाय असं वचन देता येत नाही, म्हणून ते रजिस्टर. ड्रायव्हर पीसीआय_सेट_एमडब्ल्यूआय() बोलावतो, ते आधी हा आकडा तपासतं, नसेल तर लिहितं, लिहून पुन्हा वाचतं, आणि कार्डाने तो धरून ठेवला नाही तर चूक परत करतं. लिहून वाचून बघायची ही पद्धत मला फार आवडते, तुमच्या रजिस्टरसाठीही तीच उचला.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये हे रजिस्टर जुन्या सॉफ्टवेअरच्या समाधानासाठी ठेवलंय : लिहिता-वाचता येतं, पण कार्डाच्या वागण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यात शून्य असू शकतं, बायोसने टाकलेलं काहीही असू शकतं. ब्रॉडकॉमचा टीजी३ ड्रायव्हर ते वाचतो आणि शून्य आलं तर १०२४ बाइटची लाइन धरून चालतो. जुन्या पीसीआय पिढीतलं ते शहाणपण आहे, शून्याचा अर्थ "ठाऊक नाही" असाच घ्यायला हवा. तुमच्या नव्या कार्डाने त्या वाटेला जाऊ नये.

शिवाय तिथे एककाचा फास आहे. ते रजिस्टर बाइटमध्ये मोजत नाही, चार-चार बाइटच्या शब्दांत मोजतं. ६४ बाइट म्हणजे तिथे १६, आणि सेटपीसीआय ही कमांड ते हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दाखवते म्हणून तुम्हाला १० दिसेल. दहा पाहून गांगरलेले दोन जण मला ठाऊक आहेत, पैकी एक मी. सीपीयूआयडीमध्ये हाच आकडा आठ-आठ बाइटच्या एककात असतो, म्हणजे ६४साठी ८. एआरएमच्या सीटीआर_ईएल०मध्ये तो शब्दांच्या संख्येचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम असतो, म्हणजे ६४साठी ४. आणि कार्डांच्या स्वतःच्या रजिस्टरांत तर ज्याची त्याची भाषा : क्यूलॉजिकचा क्यूईडी ड्रायव्हर ३२, ६४, १२८, २५६साठी अनुक्रमे ०, १, २, ३ लिहितो. तेव्हा आकडा कुठूनही येवो, ड्रायव्हरमध्ये तो बाइटमध्येच ठेवा आणि अगदी रजिस्टरमध्ये लिहितानाच, एका जागी, एका छोट्या फंक्शनमध्ये त्याचं भाषांतर करा. मधल्या चलांच्या नावातच बाइट हा शब्द घाला. कंटाळवाणं आहे, पण रात्री अकराला उपयोगी पडतं.

आता मुळात कार्डाला हे कळून काय मिळतं? तुमच्या वर्णनावरून हे पॅडिंगचं, म्हणजे अपुरी लाइन फालतू बाइटांनी भरून काढण्याचं, रजिस्टर आहे. कार्ड ४० बाइटची नोंद मेमरीत लिहायला निघालं आणि लाइन ६४ची असेल, तर उरलेल्या २४ बाइटांचं काय? मेमरीच्या बाजूला ती लाइन आधी वाचायची, तिच्यात ४० बाइट बदलायचे आणि मग परत लिहायची. कार्डाने पुढे फालतू बाइट भरून पूर्ण लाइन लिहिली, तर ते वाचणं वाचतं. मेलानॉक्सच्या एमएलएक्स५ ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच आहे : कार्ड मुळात ६४ धरून चालतं, ड्रायव्हर आधी कार्डाला विचारतो की तुला १२८ जमतं का, आणि जमत असेल व कॅश_लाइन_साइझ() १२८ किंवा जास्त सांगत असेल तरच ती सोय चालू करतो. ब्रॉडकॉमचा बीएनएक्सटी हा आकडा कार्डाच्या फर्मवेअरला कळवतो. दोघेही मशीनला विचारतात, कोरलेला आकडा लिहीत नाहीत.

मग सरसकट २५६ का लिहू नये, म्हणजे सगळ्यांना पुरेल? कारण पॅडिंग फुकट नाही. ती ४० बाइटची नोंद ६४च्या हिशेबाने ६४ होते, १२८च्या हिशेबाने १२८, २५६च्या हिशेबाने २५६. ६४ बाइटच्या लाइनीच्या मशीनवर तुम्ही १२८ लिहिलंत तर छोट्या नोंदींसाठी बसवरचा डेटा दुप्पट झाला, आणि बदल्यात मिळालं काहीच नाही. मोठ्या तुकड्यांत फरक जाणवत नाही : ४,००० बाइटचा तुकडा ६४ने ४,०३२ होतो आणि १२८ने ४,०९६. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांनी मोठ्या फ्रेमवर चाचणी घेऊन "काही फरक पडत नाही" म्हटलं असेल, तर छोट्या नोंदींवर पुन्हा घ्यायला सांगा.

पण पॅडिंगची खरी गोम वेगात नाही. ४,००० बाइटचा बफर दिलात आणि कार्डाने ४,०९६ लिहिले, तर ते ९६ बाइट कुणाचे? तुमचे नव्हेत. आणि लगेच काही दिसणारही नाही, कारण कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या केमॅलॉककडे ४,००० मागितले की तो आतून ४,०९६चाच तुकडा देतो. चाचणीत सगळं हिरवं. मग कुणीतरी बफर केमॅलॉकऐवजी मेमरीच्या एका मोठ्या पानातून (पेजमधून) कापून काढतो आणि शेजाऱ्याच्या बफरची सुरुवात पुसली जाते. आयओएमएमयू (कार्डाला कुठली मेमरी दिसावी ते ठरवणारं हार्डवेअर) असला तरी तो पानाच्या हद्दीवर पहारा देतो, पानाच्या आतल्या भांडणात पडत नाही. त्यामुळे नियम असा ठेवा : कार्डाला जो आकडा सांगितला, त्याच आकड्याच्या पटीत बफरची सुरुवात, त्याच पटीत लांबी वर ओढलेली, आणि डीएमएसाठी मॅप करतानाही तीच वर ओढलेली लांबी. रजिस्टरमध्ये गेलेला आकडा ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवा आणि बफरचं गणित त्याच्यावरच करा. दोन ठिकाणी दोनदा विचारू नका.

आता तो चौथा आकडा. डीएमए_गेट_कॅश_अलाइनमेंट() आणि त्याचा कंपाइलच्या वेळचा भाऊ एआरसीएच_डीएमए_मिनअलाइन. यांचा प्रश्न वेगळा आहे : बफर आणि त्याचा शेजारी यांच्यात किती अंतर ठेवलं म्हणजे माझ्या पिकच्या बोर्डासारखं होणार नाही? हा बरोबर-चूकचा प्रश्न आहे, कार्डाच्या रजिस्टरचा वेगाचा. एआरएम६४वर एआरसीएच_डीएमए_मिनअलाइन १२८ आहे, एल१_कॅश_बाइट्स ६४वर आल्यानंतरही. एक्स८६वर मात्र डीएमए_गेट_कॅश_अलाइनमेंट() चक्क १ परत देतं, कारण तिथे डीएमए कॅशशी सुसंगतच असतो (हार्डवेअरच कॅश आणि मेमरी जुळती ठेवतं), अंतर ठेवायची गरजच नाही. म्हणजे कुणी हुशारीने हेच फंक्शन तुमच्या रजिस्टरसाठी वापरलं, तर इंटेलच्या मशीनवर कार्डाला "लाइन एका बाइटची" असं कळेल. हसू नका, असा पॅच मी तपासलेला आहे.

उलट दिशेची चूक जास्त पसरलेली होती. सेन्सरांच्या आयआयओ विभागातले कितीतरी ड्रायव्हर स्ट्रक्चरमधला डीएमए बफर वेगळा पाडायला एल१च्या आकड्यावर बेतलेलं अलाइनमेंट (ठरावीक पटीच्या पत्त्यावर बसवणं) वापरत होते. एआरएम६४चा तो आकडा ६४वर आल्यावर १२८च्या मशीनवर ते अपुरं ठरतं. २०२२मध्ये त्यांच्यासाठी आयआयओ_डीएमए_मिनअलाइन असं वेगळं नाव आलं आणि ड्रायव्हर एकामागून एक त्यावर नेले गेले.

स्वतंत्रपणे केमॅलॉक केलेला बफर डीएमएला सुरक्षित असतो, ही हमी अजूनही आहे. ६.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३पासून, एआरएम६४वर केमॅलॉक लहान मागणीला १२८पेक्षा बारीक तुकडेही देऊ शकतो. असा बारीक तुकडा कॅशशी सुसंगत नसलेल्या डिव्हाइससाठी मॅप केला, तर कर्नल मध्ये एक वेगळा बफर घालून नक्कल करतो. चालतं, पण दर वेळी नकलेचा खर्च. आणि ही मदत स्वतंत्र तुकड्याला आहे, मोठ्या स्ट्रक्चरच्या पोटातल्या बफरला नाही. तिथे अलाइनमेंट तुमचं तुम्हीच लिहायचं, आणि बफरनंतर येणाऱ्या भागालाही लिहायचं, नुसत्या बफरला नाही. मी पिकच्या बोर्डात अखेर सोपा मार्ग घेतला : बफर स्ट्रक्चरमधून काढून वेगळा केमॅलॉक केला. चार ओळींचा बदल, आणि त्यासाठी तीन आठवडे अर्थिंग तपासलं.

तुमच्या प्रोबमध्ये मग काय यावं? आधी कार्डाला विचारा, कुठले आकार जमतात. मग कॅश_लाइन_साइझ() घ्या. कार्डाला जमणाऱ्यांपैकी त्याच्याइतका किंवा त्याच्याहून लहान असा सगळ्यात मोठा निवडा. मशीनची लाइन ३२ची आणि कार्डाचा सगळ्यात लहान आकार ६४ असेल तर ६४ घ्या, तो ३२च्या पटीतच आहे, थोडी बस वाया जाईल एवढंच. रजिस्टरमध्ये लिहा, परत वाचा, आणि जे परत आलं ते धरून चला. वेगळं आलं तर लॉगमध्ये एक ओळ टाका, पण प्रोब पाडू नका. पॅडिंग नीट जुळलं नाही म्हणून कार्डच बंद ठेवणं म्हणजे बटण तुटलं म्हणून सदरा फेकण्यासारखं आहे.

हे सगळं रिंग (कार्डाला बफर पुरवणारी रांग) तयार होण्याआधी आणि बस मास्टर (कार्डाला स्वतःहून मेमरीत लिहायची मुभा) चालू करण्याआधी. आणि हे काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, कारण ते पुन्हा लागणार आहे : मशीन झोपून उठलं किंवा चुकीमुळे कार्ड रीसेट झालं की पीसीआय_रिस्टोअर_स्टेट() कॉन्फिगरेशनची जागा परत भरून देतं, तुमचं स्वतःचं रजिस्टर भरत नाही. कार्ड आपल्या मूळ आकड्यावर जातं आणि ड्रायव्हरच्या डोक्यात जुनाच आकडा राहतो. मूळ आकडा २५६ असेल आणि तुमचे बफर ६४च्या हिशेबाने कापलेले असतील, तर वरचं शेजाऱ्याचं भांडण झोपेतून उठल्यावर सुरू होईल.

तपासायला फार काही लागत नाही. गेटकॉन्फ कमांडला एल१ डेटा कॅशची लाइन विचारा. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) प्रत्येक सीपीयूच्या कॅशखाली कोहेरन्सी_लाइन_साइझ नावाची फाइल असते, ती प्रत्येक पातळीची पाहा, नुसती पहिलीची नाही. कर्नल डीएमए एपीआयच्या डीबग पर्यायासह बांधा, एकच लाइन दोनदा मॅप होत असेल तर तो बोंब मारतो. आणि प्रत्येक बफरच्या शेवटाला, मॅप केलेल्या हद्दीच्या बाहेर, ठरावीक खुणेचे बाइट भरून ठेवा आणि डेटा आल्यावर ते शाबूत आहेत का बघा. इंटेलच्या मशीनवर पॅडिंगचा अतिरेक याने पकडला जाईल. कॅशची चूक मात्र तिथे कधीच दिसणार नाही. त्यासाठी सुसंगत डीएमए नसलेला एखादा स्वस्त एआरएम बोर्ड टेबलावर हवाच, आणि चाचणीत लोड एकसारखा न ठेवता मध्येच थांबवा, पुन्हा चालू करा. माग अखंड चालू होता तोवर माझाही आकडा बरोबरच दिसत होता.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली आहे, ती मॅन्युअलमधून काढून कळवा : काम पूर्ण झाल्याच्या नोंदीत कार्ड जी लांबी लिहितं, ती पॅडिंग धरून असते की पॅडिंग सोडून? धरून असेल तर वरच्या थराला फालतू बाइट जातील, आणि मग लाइनचा आकडा बदलला की तुमच्या डेटाची लांबीही बदलेल. तसं असेल तर रजिस्टर लिहिण्याआधी ते सोडवावं लागेल.